सोड्याची चुरचुर, पाण्याची चव

‘पाणी रंगहीन, गंधहीन आणि चवहीन असते’ हे वाक्य मराठी माध्यमातला विद्यार्थी ज्या वयात पाठ करतो, त्या वयापर्यंत त्याच्या जिभेला पाण्याच्या चारपाच चवी सहज ठाऊक झालेल्या असतात. घरच्या नळाचे पाणी वेगळे, आजोळच्या विहिरीचे वेगळे, माठातले वेगळे, आणि वैशाखात तळ गाठलेल्या विहिरीचे तर फारच वेगळे. परंतु परीक्षेत ‘चवहीन’ लिहिले तरच गुण मिळतात. म्हणून तो तसे लिहितो आणि पुढे जन्मभर तसे मानतो. अनुभव एक सांगत असताना व्याख्येच्या धाकाने त्याला गप्प बसवण्याचे जे शिक्षण आपल्याकडे मिळते, त्यातला हा बहुधा पहिला धडा असावा.

प्रस्तुत लेखाचा विषय वरवर पाहता याहून बराच हलका आहे. साधे पाणी आणि सोडावॉटर यांची चव वेगळी का लागते? दोन्ही शेवटी पाणीच. सोडावॉटरमध्ये अधिक काय असते, तर विरघळलेला कार्बन डायऑक्साइड वायू. हाच वायू आपण दर श्वासागणिक बाहेर टाकत असतो आणि त्याची चव आपल्याला कधी जाणवत नाही. मग तोच पाण्यात गेल्यावर जीभ का चुरचुरते, डोळ्यांत पाणी का येते, आणि तरीही दुसरा घोट घ्यावासा का वाटतो? आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. सहज गप्पांच्या ओघात हा प्रश्न आम्ही पुष्कळांना विचारला आहे आणि उत्तर जवळजवळ नेहमी एकच आले आहे : ‘बुडबुडे जिभेला टोचतात.’

हे उत्तर चुकीचे आहे. परंतु ते केवळ चुकीचे असते तर त्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. आमचे म्हणणे असे, की या उत्तराच्या मुळाशी तेच पाठ्यपुस्तकी वाक्य आहे. साधे पाणी म्हणजे चवीचे शून्य असे एकदा गृहीत धरले, की सोडावॉटर म्हणजे ‘शून्य अधिक बुडबुडे’ असा हिशेब मांडणे ओघानेच येते. प्रत्यक्षात दोन्ही चवीच आहेत, आणि गेल्या काही वर्षांतील संशोधन पाहता त्यांचे जिभेवरील ठिकाणही बरेचसे एकच आहे. एका चवीला ‘नाही’ म्हणणारी आणि दुसरीला ‘गॅस’ म्हणून मोकळी होणारी आपली भाषा दोघींवरही अन्याय करते.

आधी नावाचे पाहू. ‘सोडा’ या शब्दाने मराठीत बऱ्याच गोष्टी अंगावर घेतल्या आहेत. खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा आणि पिण्याचा सोडा या तीन वेगळ्या वस्तू आहेत. कोकणातल्या वाचकाला तर सोललेली सुकी कोलंबीही आठवेल. पिण्याच्या सोड्याला हे नाव मिळाले ते आरंभीच्या काळी अशा पाण्यात सोड्याचा क्षार घालत असत म्हणून. क्षार घातला वा न घातला तरी नाव तेच राहिले. या नावातून पदार्थाचा पत्ता लागतो, चवीचा लागत नाही. लिंबू आंबट, कारले कडू, सुपारी तुरट; सोडावॉटर कसे? या प्रश्नापाशी मराठी माणूस जरा अडखळतो आणि ‘गॅस चांगला आहे’ असे काहीतरी म्हणतो.

अठराव्या शतकातील रसायनशास्त्रज्ञ मात्र असे अडखळले नव्हते. जोसेफ प्रीस्टली इंग्लंडमधील लीड्स येथे १७६७ साली राहायला गेला, तेव्हा त्याच्या शेजारी बिअर गाळण्याचा कारखाना होता. आंबवणाच्या पिंपांवर एक जड वायू तरंगत असतो; जोसेफ ब्लॅकने त्याआधीच अभ्यासलेला आणि ‘बद्ध वायू’ म्हणून ओळखला जाणारा तो हाच कार्बन डायऑक्साइड. त्या थरात पाण्याची भांडी धरून, पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राहिले, की ते किंचित आंबूस आणि तरतरी आणणारे होते, हे प्रीस्टलीच्या ध्यानात आले. १७७२ साली त्याने ही कृती पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केली. जर्मनीतील सेल्टर्ससारख्या ठिकाणी नैसर्गिक झऱ्यांना असे पाणी येई आणि ते औषधी म्हणून मोठ्या किमतीने विकले जाई. आता ते घरच्या घरी करता येणार होते. दीर्घ सागरप्रवासात होणाऱ्या स्कर्व्ही रोगावर हे पाणी चालेल अशी प्रीस्टलीची आशा होती. ती फोल ठरली, पाणी मात्र टिकले. स्वीडनमध्ये त्याच सुमारास टॉरबर्न बर्गमन या वायूचा अभ्यास करत होता, आणि त्याने या वायूला ‘हवेतील आम्ल’ अशा अर्थाचे नाव दिले. म्हणजे या पाण्याचा आंबटपणाशी संबंध आहे ही गोष्ट अडीचशे वर्षांपूर्वी नोंदवली गेली होती. बुडबुड्यांचा सिद्धान्त हा नंतरच्या, बाटलीकडे अधिक आणि जिभेकडे कमी लक्ष देणाऱ्या काळाचा आहे.

त्यातही ही बाटली होतीच तशी पाहण्याजोगी. जिनिव्हात याच पाण्याचा धंदा उभारलेल्या योहान याकोब श्वेपने अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनला बस्तान हलवले. पण भारतीयांच्या ओळखीची बाटली त्यापुढच्या शतकातली. हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ साली पेटंट घेतलेल्या बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी असे, आणि आतल्या वायूचा दाबच त्या गोटीला वर ढकलून रबरी कड्यावर घट्ट बसवत असे. ज्याला कोंडायचे त्याच्याच जोरावर दार लावून घेण्याची ही युक्ती वाखाणण्यासारखी आहे. युरोपात ती मागे पडली. आपल्याकडे गोटीसोडा म्हणून ती जत्रेत, नाक्यावर, स्टेशनाबाहेर पुढेही कितीतरी दशके नांदली. मुंबई-पुण्यात या धंद्याला पारशी आणि इराणी मंडळींनी रूप दिले. पुण्याच्या लष्कर भागातील अर्देशीर यांचे नाव आजही जुने पुणेकर जिव्हाळ्याने घेतात. मराठी मनात सोडावॉटरच्या दोन प्रतिमा ठसल्या : एक अजीर्णावरच्या उताऱ्याची आणि दुसरी दंगलीच्या बातम्यांतील ‘दगड व सोडावॉटरच्या बाटल्यां’ची. पोट आणि डोके यांच्याशी त्याचे नाते असे पक्के झाले. जिभेचे तेवढे राहून गेले.

आता बुडबुड्यांकडे येऊ. त्यांच्या विरुद्धचा पहिला पुरावा कोणालाही घरी मिळवता येतो. सोडा पेल्यात ओतावा, फेस बसू द्यावा, वर येणाऱ्या बुडबुड्यांची धावपळ मंदावू द्यावी. बुडबुडे जवळजवळ दिसेनासे झाल्यावरही घोट पुरेसा झोंबतो, कारण वायू अजून पाण्यात विरघळलेला आहे. उलट साध्या पाण्यात नळीने हवा फुंकून कितीही बुडबुडे काढले तरी पाणी चुरचुरत नाही. लहान मुले हा प्रयोग नित्य करतात. बुडबुडा म्हणजे पाण्यातून निघून चाललेला वायू. आपल्या संतांनी त्याच्याकडे नश्वरतेची खूण म्हणून पाहिले. चवीच्या दृष्टीनेही ते बरोबरच म्हणायचे. चव देतो तो वायू मागे राहिलेला असतो.

दुसरा पुरावा गिर्यारोहकांचा. उंचीवर गेल्यावर होणारा त्रास टाळण्यासाठी हिमालयात जाणारे पुष्कळजण अॅसिटाझोलामाइड नावाचे औषध घेतात. महाराष्ट्रातून दरवर्षी तिकडे जाणाऱ्या मंडळींना ते ‘डायमॉक्स’ या नावाने परिचित असेल. मोहीम फत्ते झाल्यावर बिअर किंवा फसफसणारे पेय तोंडाला लावावे, तर ते मिळमिळीत लागते अशी तक्रार या औषधाच्या संदर्भात वैद्यकीय लेखनात नोंदलेली आहे. पेयात बुडबुडे नेहमीसारखेच असतात. बदललेले असते ते पिणाऱ्याचे तोंड. हे औषध शरीरातील कार्बोनिक अॅनहायड्रेज नावाच्या विकराला अडवते. त्या विकराचे काम कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांचा झटपट संयोग घडवून आणण्याचे.

तिसरा पुरावा सर्वांत थेट आहे. फिलाडेल्फियातील मोनेल या, रुची व गंध यांच्या अभ्यासाला वाहिलेल्या केंद्रातील पॉल वाइज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना दाबकक्षात बसवून, हवेचा दाब वाढवून, सोड्याची चव विचारण्यात आली. दाब वाढला की वायू पाण्यातच राहतो, बुडबुडे धरत नाहीत. आणि तरीही झोंबणे जसेच्या तसे होते. बुडबुड्यांच्या हलक्या स्पर्शाने ते झोंबणे थोडे अधिक जाणवू शकते, एवढेच श्रेय त्यांना देता येईल. साथीदाराला मुख्य गायक समजण्याचा हा प्रकार होता.

मग मुख्य गायक कोण? पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचा अगदी थोडा अंश, हजार रेणूंत जेमतेम दोन, पाण्याशी संयोग पावून कार्बोनिक आम्ल होतो. तेवढ्यानेही सोडावॉटरचे सामू चारच्या आसपास उतरते. लिंबाच्या रसाइतके नव्हे, पण पिण्याच्या पाण्यापेक्षा कितीतरी आम्ल. खरे काम मात्र तोंडात गेल्यावर होते. जयराम चंद्रशेखर, चार्ल्स झुकर, निकोलस रिबा आणि सहकाऱ्यांनी २००९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले, की जिभेवरील रुचिकलिकांत ज्या पेशी आंबट चव ओळखतात, त्याच कार्बन डायऑक्साइडही ओळखतात. या पेशींच्या बाहेरच्या पृष्ठभागावर कार्बोनिक अॅनहायड्रेजचा एक प्रकार चिकटून बसलेला असतो. गिर्यारोहकांचे औषध अडवते ते याच कुळातले विकर. वायू तेथे पोचताच ते त्याचे पाण्याशी लग्न लावून देते, त्यातून आम्लता जन्मते, आणि आंबटाची पेशी जागी होते. ज्या उंदरांत आंबटाच्या पेशी निकामी केल्या होत्या, त्यांच्या रुचिचेतांनी या वायूला प्रतिसादच दिला नाही. ज्यांच्यात केवळ ते विकर नव्हते, त्यांना इतर आंबट पदार्थ कळत होते, वायूची जाण मात्र फार मंदावली होती. थोडक्यात, सोड्याची चव ही बाटलीत तयार मिळत नाही. तिचा शेवटचा टप्पा आपल्या जिभेवर, आपल्याच विकराच्या हातून पार पडतो.

परंतु सोडावॉटर हे काही नुसते सौम्य लिंबूपाणी लागत नाही. त्यात झोंबणारे काहीतरी असते, आणि ते आंबटपणाच्या बाहेरचे आहे. चेहरा, डोळे, नाक आणि तोंड यांतील स्पर्श व वेदना मेंदूकडे नेणारी ट्रायजेमिनल नावाची चेता आहे. कार्बन डायऑक्साइड तिच्या पेशींच्या आत सहज शिरतो, तेथे आम्लता वाढवतो आणि त्यामुळे एक विशिष्ट ग्राही उघडतो, असे एमिली लिमन यांच्या प्रयोगशाळेने २०१० साली दाखवले. या ग्राहीची दुसरी ओळख मराठी वाचकाला अधिक जवळची वाटेल. फेसलेली मोहरी तोंडात घातल्यावर जो झणका थेट नाकातून कपाळात जातो, तोही याच ग्राहीचा प्रताप. सोडा घाईने प्यायल्यावर ‘नाकात गेला’ असे आपण म्हणतो आणि मोहरीही ‘नाकात गेली’ असे म्हणतो. बोलीने हे नाते शास्त्राच्या आधी टिपले होते, एवढे तिच्या पदरात टाकायला हरकत नाही. सोडावॉटर गार हवे असते तेही उगीच नव्हे. नेहमीच्या हवेच्या दाबाला या वायूच्या सान्निध्यात शून्य अंशाच्या जवळचे एक लिटर पाणी सुमारे ३.३ ग्रॅम वायू सामावून घेते. वीस अंशांना हेच प्रमाण सुमारे १.७ ग्रॅमवर येते. कोमट सोडा म्हणजे निम्मा सोडा.

येथे साहित्याच्या विद्यार्थ्याला थांबावेच लागते. सोड्याच्या चवीतला निम्मा भाग जर वेदनेचा असेल, तर माणूस पैसे देऊन ती का विकत घेतो? पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने मिरचीच्या संदर्भात हा प्रश्न विचारला होता. शरीर धोक्याची सूचना देत असते आणि मनाला ठाऊक असते, की धोका नाही. त्या दोहोंमधल्या अंतरातून सुख उपजते, असे त्याचे उत्तर. मराठी समीक्षेला ही मांडणी अगदीच परकी वाटू नये. करुणरसापासून आनंद कसा होतो या जुन्या वादात न. चिं. केळकरांनी ‘सविकल्प समाधी’ची कल्पना पुढे केली. वाचक दुसऱ्याच्या भावनेशी एकरूप होतो आणि तरीही आपले वेगळेपण विसरत नाही, या दुहेरी अवस्थेत त्यांनी वाङ्मयानंदाचे मूळ पाहिले. घोटभर सोडा आणि शोकांतिका यांना आम्ही एका तागडीत घालत नाही. पण आपण सुरक्षित आहोत हे ठाऊक असताना घेतलेली झळ सुखाची होते, हे सूत्र रंगभूमीपुरते मर्यादित नाही, एवढे नक्की.

आणखी एक मोह येथे टाळला पाहिजे. आयुर्वेदाच्या षड्रसांत मधुर, अम्ल, लवण, तिक्त आणि कषाय यांच्या बरोबरीने ‘कटु’ रस आहे. हा कटु म्हणजे आपले तिखट, आणि तिक्त म्हणजे आपले कडू. कटुकापासून ‘कडू’ आणि तीक्ष्णापासून ‘तिखट’ होता होता मराठीत खुर्च्यांची अदलाबदल झाली, हे भाषेच्या विद्यार्थ्यांना माहीत असते. आधुनिक शरीरशास्त्र तिखटाला चवींत गणत नाही. ती दाह वा वेदना, असे म्हणते. त्या हिशेबाने सोडावॉटर अर्धे चवीच्या घरात आणि अर्धे बाहेर पडते. षड्रसांच्या हिशेबात ते अम्ल आणि कटु असे सरळ बसते. यावरून ‘आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते’ अशी आरोळी ठोकण्याची प्रथा आहे. आम्हांला ती मान्य नाही. पूर्वजांनी खाणाऱ्याच्या अनुभवाची वर्गवारी केली, प्रयोगशाळा चेतांची वर्गवारी करते. दोन्ही आपापल्या जागी उपयोगी आहेत. एवढे मात्र खरे, की जेवणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर पहिली अधिक प्रामाणिक आहे. घास तोंडात असताना कोणी चेतांची गणती करत नाही.

पाण्याच्या बाबतीत तर आपल्या परंपरेत एक फार मोलाचा मतभेद दडलेला आहे. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त पाण्याला रस आहे आणि तो केवळ मधुर आहे, असे सांगितले आहे. पाठ्यपुस्तकाच्या ‘चवहीन’ला हा उघड विरोध. पण पाणी तर गोड लागत नाही, या शंकेला ‘न्यायसिद्धान्तमुक्तावली’त उत्तर आहे : हिरडा खाऊन पाणी प्यावे म्हणजे त्याचा मधुर रस व्यक्त होतो. हिरड्याऐवजी आवळा घेतला की हा अनुभव आपल्या प्रत्येकाच्या बालपणात आहे. नैयायिक म्हणतात, गोडी पाण्यात होतीच, हिरड्याने ती उघड केली. आधुनिक संशोधक म्हणतात, आधीच्या पदार्थाने जिभेची अवस्था बदलली आणि पाण्याने ती अवस्था धुऊन काढताना गोडी भासली. लिंडा बार्टोशुक आणि सहकाऱ्यांनी १९७२ साली आर्टिचोक या भाजीच्या बाबतीत नेमके हेच नोंदवले. ती खाल्ल्यावर साधे पाणी गोड लागते. एकच निरीक्षण, दोन अर्थ. रस वस्तूत की रसिकात, हा काव्यशास्त्रातला झगडा पाण्याच्या पेल्यातही आहे.

आणि आता या लेखाच्या दृष्टीने कळीची गोष्ट. जिभेला साधे पाणी कळते तरी कसे? कॅलटेक येथील युकी ओका आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले, की पाण्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशी म्हणजे त्याच, आंबट ओळखणाऱ्या पेशी. त्या बंद पाडल्या की रुचिचेतांतील पाण्याचा प्रतिसाद नाहीसा होतो. तहानलेल्या उंदरांत या पेशी प्रकाशाने उत्तेजित केल्या, तेव्हा समोर पाणी नसतानाही ते पिण्याच्या हालचाली करू लागले. भुकेल्या पण तहान नसलेल्या उंदरांनी तसे केले नाही. म्हणजे सोडावॉटर ज्या दारावर थाप मारते, त्याच दारावर साधे पाणीही हलकेच टकटक करते. दार उघडणार की नाही, हे पुष्कळसे आतल्या तहानेवर अवलंबून. सोड्याची हाक मोठी, तिच्यात वेदनेचा सूर मिसळलेला, पाण्याची हळू. एका हाकेला आवाज मानावे आणि दुसरीला शांतता, यात ऐकणाऱ्याचा कान तेवढा दिसतो.

मराठीचा कान एके काळी या बाबतीत चांगलाच तिखट होता. गोडे पाणी, खारे पाणी, मचूळ पाणी, जड पाणी, हलके पाणी, निवळ पाणी या शब्दांकडे पाहावे. ‘मचूळ’ या एका शब्दात किंचित खारट, किंचित बेचव आणि गिळताना नकोसे असा केवढा बारकावा आहे! ‘गोडे’ म्हणजे साखरेचे गोड नव्हे, हे ‘गोडे तेल’ म्हणणाऱ्या भाषेला सांगावे लागत नाही. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही ते जड, ही व्याख्या चुलीपाशी सिद्ध झालेली. हे शब्द गरजेतून आले होते. दोन मैलांवरून पाणी आणणाऱ्या बाईला कोणत्या विहिरीचे आणावे हे ठरवायचे असे. आजही टँकरची वाट पाहणाऱ्या गावांत हे शब्द जिवंत आहेत, आणि त्यांत काव्य शोधणे हा तेथील माणसांचा अपमान होईल. शहरांत मात्र घरोघरच्या शुद्धीकरण यंत्रांनी पाण्यातील क्षार काढून टाकत सर्वांचे पाणी जवळजवळ एकाच चवीचे केले. त्याने आरोग्याची सोय झाली, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु एकच चव सर्वत्र असली की ती चव आहे हेच लक्षात येत नाही. शहरी मराठीतून ‘मचूळ’ आणि ‘जड’ निघून चालले आहेत ते या वाटेने. पाठ्यपुस्तकातील ‘चवहीन’ आता शहरातल्या मुलाला खरेही वाटू लागले असेल.

गंमत अशी, की सरकारी प्रमाणाला हे ‘चवहीन’ मान्य नाही. भारतीय मानक ब्यूरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, रंग, वास, गढूळपणा यांच्या जोडीला चवीचीही स्वतंत्र नोंद आहे, आणि ती चव स्वीकारार्ह असावी अशी अट आहे. विरघळलेल्या घनपदार्थांसाठी लिटरला ५०० मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा, आणि पर्यायी स्रोत नसेल तर २००० मिलिग्रॅमपर्यंत सवलत. या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात किती गावे आपली तहान भागवतात, याचा विचार केला म्हणजे पाण्याची चव हा चैनीचा विषय नाही हे ध्यानात यावे. ज्या मुलाच्या घरी मचूळ पाणी येते, त्याला वर्गात ‘पाणी चवहीन असते’ असे शिकवणे म्हणजे त्याच्या तक्रारीचा शब्दच काढून घेणे आहे.

कोणी म्हणेल, साहित्याच्या व्यासपीठावर ही सोडावॉटरची चिकित्सा कशाला? आमचे उत्तर असे, की समीक्षेची अर्धी परिभाषा जिभेवरून आली आहे. रस, रुची, आस्वाद, अभिरुची हे शब्द सोडले तर आमच्या हाती फारसे काही उरत नाही. भरताने रसाचे स्वरूप सांगताना उदाहरण दिले तेही जेवणाऱ्या सुमनस माणसाचे. व्यवहारात मात्र ही परिभाषा आम्ही सोड्याच्या अंगाने वापरतो. चुरचुरीत लेख, झणझणीत परीक्षण, खमंग किस्सा यांना चव असते. शांतपणे, आवाज न चढवता लिहिलेल्या गद्याला आम्ही ‘मिळमिळीत’ किंवा ‘पाणचट’ म्हणतो. ‘पाणचट’ ही शिवी व्हावी, यातच सारे आले. चुरचुरीतपणाला आमचा विरोध नाही. मोहरीशिवाय लोणचे होत नाही हे आम्हांलाही ठाऊक आहे. पण जे झोंबते तेवढेच चवदार असा निकष एकदा रूढ झाला, की झोंबवण्यासाठी लिहिणारे वाढतात, आणि ज्या लेखनाची चव वाचकाच्या तहानेवर अवलंबून असते, त्याला वाचक मिळेनासे होतात. वर्गात एखादा संथ ललितनिबंध वाचताना विद्यार्थी ‘यात काही घडतच नाही’ असे म्हणतात, तेव्हा दोष केवळ त्यांचा नसतो. त्यांच्या जिभेला कोणती हाक ऐकण्याची सवय आम्ही लावली, हाही प्रश्न असतो.

तेव्हा सूचना दोन, आणि दोन्ही साध्या. सोडावॉटरच्या चवीला मराठीत नाव असावे. ‘चुरचुर’ हा शब्द त्या कामाला योग्य आहे. त्यात आंबटपणाची चाहूल आहे, वेदनेची कबुली आहे, आणि बुडबुड्यांचा उल्लेख नाही. दुसरी सूचना पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांसाठी. ‘पाणी चवहीन असते’ याऐवजी ‘पाण्याची चव सौम्य असते, ती त्यात विरघळलेल्या पदार्थांवर आणि आपण आधी काय खाल्ले आहे त्यावर बदलते’ असे लिहावे. वाक्य लांबेल, पण ते खरे असेल. आणि धड्याखालच्या स्वाध्यायात एक कृती द्यावी : एक आवळा खा, वर घोटभर पाणी प्या, आणि काय वाटले ते आपल्या शब्दांत लिहा.